मिगेल दे उनामुनो : पात्रच लेखकाशी भांडायला येतं तेव्हा

पाणवठा (रवि., रात्री १०:४०)

एम.ए.ला अस्तित्ववादाच्या पेपरात उनामुनो एका ओळीपुरता होता. किर्केगार्द, नीत्शे, 'स्पेनमध्ये उनामुनो', की लगेच सार्त्र. त्याच्यावर प्रश्न येत नसे म्हणून कोणी वाचत नसे. मी हट्टाने त्याचं 'जीवनाची शोकात्म जाणीव' (१९१३) लायब्ररीतून आणलं आणि साठेक पानांत परत केलं. माणूस पानोपानी एकच सांगत होता, मला मरायचं नाही. कीर्ती उरेल, मुलंबाळं उरतील, विश्वात विलीन होशील, असल्या कुठल्याच आश्वासनावर तो राजी नव्हता. त्याला स्वतःला, हाडामांसासकट, याच नावाने उरायचं होतं. मी तेव्हा बावीस वर्षांची. मला तो रडका वाटला.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या कादंबऱ्या हाती लागल्या, इंग्रजीतून. दोन महिन्यांत पाच संपवल्या. आता माझं मत असं झालंय की हा मूळचा कादंबरीकारच, आणि तत्त्वज्ञान ही त्याच्या कादंबऱ्यांची लांबलेली प्रस्तावना. लोक उलटं सांगतात, की तत्त्ववेत्त्याने आपली मतं खपवायला गोष्टी लिहिल्या. म्हणून हा धागा.

ओळख थोडक्यात. जन्म बिल्बाओ, २९ सप्टेंबर १८६४. बास्क. १८९१पासून सालामांका विद्यापीठात ग्रीकचा प्राध्यापक, पुढे तिथलाच रेक्टर, म्हणजे कुलगुरू. १९१४ला पदावरून काढला. १९२४ला हुकूमशहा प्रिमो दे रिवेराने फुएर्तेवेंतुरा बेटावर हद्दपार केला, तिथून निसटून फ्रान्समध्ये, १९३०ला परत. मृत्यू ३१ डिसेंबर १९३६. किर्केगार्द मुळातून वाचता यावा म्हणून डॅनिश शिकलेला माणूस.

आता 'निएब्ला', म्हणजे धुकं, १९१४. (पुढे रसभंग आहे, पण शंभर वर्षांच्या पुस्तकाला काय रसभंग.) आउगुस्तो पेरेस हा पैसेवाला, आई वारलेली, काम ना धंदा. पहिल्याच पानावर तो दारात उभा राहून पाऊस आहे का ते बघायला हात बाहेर काढतो. पाऊस भिजवेल याचं त्याला काही नाही, छत्री उघडावी लागेल याचं दुःख. मिटलेली छत्री कशी डौलदार, आणि उघडली की कुरूप! मग कुठे जायचं ते ठरत नाही म्हणून, आता जो कुत्रा येईल त्याच्या मागे जायचं असं तो ठरवतो. कुत्र्याऐवजी एक मुलगी जाते. तिच्या मागे जातो आणि प्रेमात पडतो. ती एउखेनिया, पियानो शिकवते, आणि तिला संगीताचा मनस्वी तिटकारा. आउगुस्तो तिच्या घरावरचं गहाण फेडतो, तिच्या रिकामटेकड्या प्रियकराला नोकरी लावून देतो, आणि लग्न तोंडावर आलेलं असताना ती त्याच प्रियकराबरोबर पळून जाते.

आत्महत्या करावी असं त्याच्या मनात येतं. पण या विषयावर उनामुनो नावाच्या लेखकाचा निबंध त्याने वाचलेला असतो. म्हणून सल्ला घ्यायला तो गाडीने सालामांकाला जातो, आणि लेखकाच्या अभ्यासिकेत समोर बसतो. लेखक म्हणतो, तुला आत्महत्या करता येणार नाही, कारण तू जिवंतच नाहीस, तू माझ्या डोक्यातलं पात्र आहेस. आउगुस्तो आधी हादरतो. मग सावकाश विचारतो, उलटं तर नसेल? तुम्हीच माझी गोष्ट जगात पोचावी म्हणून निघालेलं निमित्त नसाल कशावरून? दोन किखोते (म्हणजे आपला डॉन क्विक्झोट) हा त्याला लिहिणाऱ्या सर्व्हान्टेसपेक्षा खरा, हे तुम्हीच लिहून ठेवलंय ना!

लेखक चिडतो. तुला मीच मारतो, म्हणतो. आणि जो माणूस मरायला आला होता तो गयावया करायला लागतो. मला जगायचंय, मला जगू द्या. जाता जाता शाप देतो: तुम्हीही मराल, आणि माझी गोष्ट वाचणारे सगळे मराल.

ते जे पुस्तक मी साठ पानांत परत केलं होतं, त्यातला सगळा युक्तिवाद इथे आहे. पण तिथे मी जांभया देत होते, आणि इथे 'वाचणारे सगळे' या शब्दांपाशी अंगावर काटा आला.


नाठाळ_बैल (रवि., रात्री ११:०५)

आणखी एक युरोपियन ज्याला मरायचं नव्हतं. फुटाणे घेऊन बसलोय, चालू द्या.


गोदाकाठचा (सोम., सकाळी ८:१२)

ताई, मस्त धागा. थोडी भर. घरी परतल्यावर आउगुस्तो राक्षसासारखं जेवतो. मी नसेन तर ही भूक कुणाला लागली, असा काहीसा त्याचा हिशेब. मग लेखकाला तार लिहून घ्यायला सांगतो: तुमच्या मनासारखं झालं, मी मेलो. आणि शेवटचं मनोगत त्याच्या ओर्फेओ या कुत्र्याचं. माणूस हा कसा ढोंगी प्राणी, भुंकायचं सोडून बोलायला लागला आणि खोटं शिकला, असं त्या कुत्र्याचं मत.

प्रस्तावनाही बघा. ती लिहिलीय विक्तोर गोतीने, म्हणजे कादंबरीतल्याच आउगुस्तोच्या मित्राने. त्यात तो आउगुस्तोच्या मृत्यूबद्दल लेखकाचं म्हणणं मान्य करत नाही. त्यावर उनामुनोची दुसरी प्रस्तावना, की जास्त बोललास तर तुझंही तेच करीन. इटालियन नाटककार पिरान्देल्लोची लेखकाला शोधणारी सहा पात्रं रंगमंचावर आली १९२१ला. हे सात वर्षं आधीचं.


तर्कदुष्ट (सोम., सकाळी ९:३०)

गंमत म्हणून ठीक. पण कादंबरी म्हणून? या माणसाच्या पुस्तकात घराला भिंती नसतात, रस्त्याला नाव नसतं, कोणी काय घातलंय ते कळत नाही. दोन डोकी आणि मधे संवाद. पात्रं म्हणजे मतांना लावलेल्या दोऱ्या. धागाकर्तीचं विधान मला पूर्ण उलटं वाटतं.

शिवाय याच गृहस्थाने १९०६ला लिहिलं होतं की शोध बाकीच्यांना लावू द्या, विजेचा दिवा जिथे शोधला तिथे जसा जळतो तसाच आमच्याकडेही जळतो. एवढ्या एका वाक्यावर मी त्याला पंचवीस टक्के गुण कमी देतो.


पाणवठा (सोम., दुपारी १:५०)

@तर्कदुष्ट, भिंती नसतात हे खरं. पण त्याला बांधता येत नव्हत्या असं नाही. पहिली कादंबरी 'युद्धातली शांती' (१८९७) भिंतींनी गच्च भरलीय. बिल्बाओचा वेढा, गल्ल्या, दुकानं, सगळं. त्यावर त्याने वर्षानुवर्षं टिपणं काढली होती. नंतर त्यानेच लेखकांचे दोन प्रकार सांगितले: अंडज आणि जरायुज. अंडज लेखक आराखड्याचं अंडं घालून त्यावर बसून राहतो. जरायुजाला कळा आल्या की तो लिहायला बसतो आणि जे होईल ते बाहेर येतं. पहिल्या कादंबरीला तो स्वतः अंडज होता, मग त्याने अंडी घालणं सोडलं.

दिव्याबद्दल गुण कापायला हरकत नाही. मीही कापते.


बाणाची_बहीण (सोम., दुपारी ३:२०)

दीर्घ लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

'निएब्ला'ला टीकाकार कादंबरी म्हणणार नाहीत हे ओळखून उनामुनोने आधीच नाव बदललं. स्पॅनिशमध्ये कादंबरीला 'नोवेला'. हा म्हणाला, माझी 'निवोला' आहे, आता लावा तुमचे नियम. गोती हे सांगताना एक किस्सा देतो. कवी मान्वेल माचादो एका जुन्या जाणत्याला सुनीत वाचून दाखवतो. तो म्हणतो, हे सॉनेट नव्हे. माचादो म्हणतो, बरोबर, हे 'सोनिते' आहे.

आता आपल्याकडे या. 'नोवेला' म्हणजे नवलाची वार्ता. पण मराठीत या प्रकाराला आपण काय म्हणतो? कादंबरी. म्हणजे सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या नायिकेचं नाव! एका पात्राचं नाव अख्ख्या साहित्यप्रकाराला. आणि ते पुस्तक पुरं व्हायच्या आत बाण गेला. राहिलेला भाग त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने लिहिला. लेखक मधेच मेला, कादंबरी पुढे चालत राहिली, आणि आज तेराशे वर्षांनी ग्रंथालयाच्या कपाटावर तिच्या नावाची पाटी आहे.

आउगुस्तो पेरेसला मराठी येत असतं तर त्या अभ्यासिकेतली वादावादी त्याने एका शब्दात जिंकली असती.


पाणवठा (सोम., दुपारी ३:४१)

बाई, साष्टांग नमस्कार. हे मला आयुष्यात सुचलं नसतं.


नाठाळ_बैल (सोम., दुपारी ३:५५)

मग निवोलाला मराठीत 'कादंबुरी' म्हणा. बुरख्यातली, धुक्यातली. (फुटाणे संपले, शेंगदाणे आणतो.)


मोगरा_एकटाकी (सोम., रात्री ९:१५)

मी तुमच्यासारखी तत्त्वज्ञानवाली नाही. मी यांचं एकच पुस्तक वाचलंय, 'ला तीआ तुला' (१९२१), तेही मुलीच्या कॉलेजमध्ये स्पॅनिश होतं म्हणून. 'तुला' हे नायिकेचं नाव, म्हणजे हेर्त्रूदिस. धाकटी बहीण रोसा. बहिणीचं लग्न रामीरोशी हीच लावून देते, रोसा बाळंतपणांनी खंगून मरते आणि मुलं तुलाच्या पदरात. रामीरोला आता तुलाशी लग्न करायचंय. ती नाही म्हणते. मुलांना सावत्र आई नको, हे तिचं सांगायचं कारण. पण खरं कारण वेगळं असावं असं सारखं वाटत राहतं. पुढे रामीरोचं घरातल्या मोलकरणीशी जमतं, मूल राहतं, तर तुला त्याला तिच्याशी लग्न करायला लावते. तीही मरते, तोही मरतो. आणि सगळी मुलं, दोघींची, हीच वाढवते.

'तीआ'ला इंग्रजीत आंट लावलंय. अरे, ही मावशी! मावशी म्हटल्याशिवाय ही गोष्ट कळतच नाही. माय मरो पण मावशी जगो, ही म्हण आपण किती सहज बोलतो. त्या म्हणीतल्या मावशीला कोणी विचारलं का, की बाई तुला यातून काय मिळालं, आणि तू त्या घरावर किती हुकूम गाजवलास? उनामुनोने दोन्ही विचारलंय. मला तुला देवीही वाटली आणि तिची भीतीही वाटली. शेवटी मरताना ती म्हणते ते इथे नाही सांगत.

तर्कदुष्ट भाऊ, दोऱ्यांची बाहुली अशी नसते.


तर्कदुष्ट (सोम., रात्री ९:४४)

तुलाबद्दल मान्य. बाकी कायम.


कागदी_होडी (मंगळ., सकाळी ७:०२)

अवांतर, पण करतोच. ओरिगामीवाल्यांना हा माणूस वेगळ्याच कारणाने माहीत आहे. कॉफी हाऊसच्या टेबलावर बसून तो कागदाचे पक्षी घडत बसायचा. 'प्रेम आणि शिक्षणशास्त्र' (१९०२) या कादंबरीच्या शेवटी त्याने कागदी पक्ष्यांवर चक्क शास्त्रीय प्रबंध जोडलाय, 'कोकोतोलोखीआ'. व्याख्या, उत्पत्ती, चौरसाची महती, सगळं गंभीर चेहऱ्याने. पुस्तकाची पानं कमी पडत होती आणि प्रकाशकाला जाड पुस्तक हवं होतं, हेही त्याने लपवलेलं नाही.

कादंबरी मात्र भयंकर आहे. आवितो कार्रास्काल नावाचा गृहस्थ पूर्ण शास्त्रीय पद्धतीने मुलाला प्रतिभावंत बनवायला निघतो. बायकोही शास्त्रानुसार निवडायची असते, पण ऐनवेळी भलतीच्याच प्रेमात पडतो. ती बिचारी मुलाचा गुपचूप बाप्तिस्मा करून घेते. बाप त्याला आपोलोदोरो म्हणतो, आई एकांतात लुईस म्हणते. पोरगा कशातच धड होत नाही आणि शेवटी गळफास घेतो. क्लासच्या जाहिराती बघितल्या की मला आवितो आठवतो.


गोदाकाठचा (मंगळ., सकाळी ९:१८)

आणि तोच आवितो बारा वर्षांनी 'निएब्ला'त आउगुस्तोला चर्चमध्ये भेटतो! शास्त्र सोडून प्रार्थनेला येऊन बसलेला. एका पुस्तकात मुलगा गमावलेला माणूस दुसऱ्या पुस्तकात म्हातारा होऊन दिसतो. पात्रं दोऱ्यांची असती तर पुस्तक मिटल्यावर पेटीत गेली असती.

'आबेल सांचेथ' (१९१७) राहिलंच की. बायबलमधल्या काइन-हाबेलची, भावाने भावाला मारल्याची गोष्ट, पण इथे दोघे मित्र. आबेल चित्रकार, सगळ्यांचा लाडका. खोआकीन मोनेग्रो डॉक्टर, हुशार, आणि जन्मभर मत्सराने जळलेला. खोआकीनचं जिच्यावर प्रेम, ती त्याची आतेमामेबहीण हेलेना आबेलशी लग्न करते. आबेल काइन-हाबेलचं चित्र काढतो, गाजतं. मेजवानीत त्या चित्रावर भाषण करतो खोआकीन, आणि असं करतो की लोक म्हणतात, चित्रापेक्षा भाषण मोठं. एवढं करूनही जळजळ जात नाही. अख्खं पुस्तक खोआकीनचं, त्याचा कबुलीजबाब त्यात, आणि वर नाव मात्र आबेलचं. तिथेही हाच मागे!


इतिहासाचा_शेपूट (मंगळ., दुपारी १२:३०)

१२ ऑक्टोबर १९३६ कोणीच कसं काढलं नाही? सालामांका विद्यापीठाचं सभागृह, बंडखोर सेनानी फ्रँकोची बायको व्यासपीठावर, त्याच्याच बाजूचा जनरल मिल्यान आस्त्राय, आणि म्हाताऱ्या उनामुनोचं ते जगप्रसिद्ध भाषण, 'जिंकाल, पण पटवू शकणार नाही'. असा माणूस रडका?


तर्कदुष्ट (मंगळ., दुपारी १२:५२)

तेही नीट सांगा. जुलैत फ्रँकोच्या बंडाला याच माणसाने पाठिंबा दिला होता. त्यासाठी प्रजासत्ताक सरकारने त्याला रेक्टरपदावरून काढलं आणि बंडखोरांनी परत बसवलं. व्यासपीठावर तो त्यांच्याच वतीने बसला होता. आणि आपण वाचतो ते भाषण लुईस पोर्तिल्योने १९४१ला लंडनच्या मासिकात लिहिलेलं. तो त्या दिवशी सभागृहात नव्हता.


पाणवठा (मंगळ., रात्री १०:१०)

दोघांचंही बरोबर, आणि मला यातला कागद महत्त्वाचा वाटतो. अटकेत असलेल्या प्रोटेस्टंट पाद्री आतिलानो कोको यांच्या बायकोचं मदतीसाठी आलेलं पत्र उनामुनोच्या खिशात होतं. इतरांची भाषणं चालू असताना त्याच पत्राच्या पाठीवर त्याने बोलायचे मुद्दे खरडले. 'जिंकणं आणि पटवणं' हे शब्द त्यात आहेत. म्हणजे ठरवून आलेला नव्हता. वाक्यावाक्याचं भाषण नंतर दुसऱ्याने रचलं, पण ठिणगी त्याचीच. पद गेलं, घराबाहेर पहारा बसला, अडीच महिन्यांत वारला.

गंमत अशी की भाषण लोकांना पात्राच्या तोंडी शोभेल असंच हवं होतं. शेवटी उनामुनोवरही एक लेखक बसलाच.

आता मला ज्यासाठी धागा काढायचा होता तिथे येते. 'सान मान्वेल ब्वेनो, हुतात्मा'. १९३१. शंभर पानंही नाहीत.

तळ्याकाठचं खेडं, वाल्वेर्दे दे लुसेर्ना. तळ्याच्या तळाशी एक बुडालेलं गाव आहे आणि सेंट जॉनच्या रात्री त्याच्या घंटा ऐकू येतात, अशी लोककथा. गावाचे पाद्री दोन मान्वेल ('दोन' म्हणजे स्पॅनिशमधलं 'श्री', माणूस एकच). लाकडं फोडतात, आजाऱ्यांशी बसतात, पोरं नाचायला लागली की ढोलकं वाजवतात. एक क्षण रिकामे बसत नाहीत. गाव त्यांना जिवंतपणीच संत मानतं. ते गेल्यावर बिशप त्यांना धन्य घोषित करण्याची (संतपदाच्या आधीची पायरी) खटपट करतोय, आणि म्हणून आंखेला ही पन्नाशी ओलांडलेली बाई आपल्या आठवणी लिहायला बसते.

तिचा भाऊ लाथारो अमेरिकेतून पैसा कमावून, देवधर्माची टिंगल करत आलेला. आई मरताना दोन मान्वेल त्याला एवढंच म्हणतात, तिच्यासाठी प्रार्थना करीन असं कबूल कर. तो करतो. पुढे सगळ्या गावादेखत कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद, घेतो. आंखेला आनंदाने रडते, तेव्हा तो तिला खरं सांगतो: दोन मान्वेलचा मृत्यूनंतरच्या जीवनावर विश्वासच नाही. श्रद्धासूत्र, म्हणजे आपण कशाकशावर विश्वास ठेवतो ते सांगणारी ख्रिस्ती प्रार्थना, सगळं गाव एका आवाजात म्हणतं. शेवटच्या ओळीपाशी दोन मान्वेल गप्प होतात, आणि गावाचा आवाज त्यांना झाकून घेतो. आंखेलाने ते लहानपणापासून ऐकलेलं असतं. कळलेलं नसतं.

याच्यापुढे मला काही म्हणता येत नाही. 'शोकात्म जाणीव'मध्ये बुद्धी एकीकडे, हृदय एकीकडे, आणि दोघांची कधी न मिटणारी कुस्ती, असं तो तीनशे पानं सांगतो. इथे एक माणूस एका ओळीला गप्प बसतो.


तर्कदुष्ट (मंगळ., रात्री १०:३८)

आणि ही तुम्हाला महानता वाटते? सत्य भयंकर आहे, लोकांना झेपणार नाही, म्हणून त्यांना सुखाने झोपू द्या, हे एका माणसाने ठरवलं. कोणी दिला त्याला अधिकार? लाथारो शेतकऱ्यांची संघटना काढू म्हणतो, तर हा नको म्हणतो, आणि वर सांगतो की धर्म अफू असेल तर अफूच देऊ या. १९३१ आहे ते. स्पेनच्या खेड्यात लोक उपाशी होते.


वसईचा_फ्रान्सू (मंगळ., रात्री ११:२०)

इतके दिवस नुसता वाचत होतो. आम्ही वसईचे कॅथलिक, दर रविवारी ते सूत्र म्हणणारे. शेवटी येतं ते देहाचं पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन. तिथे पोचेपर्यंत लोकांचा वेग वाढलेला असतो, पाठ असतं ना, त्यामुळे एक आवाज कमी झाला तर खरंच कळत नाही. हल्ली फादरसमोर माईक असतो. दोन मान्वेल आज पहिल्याच रविवारी पकडले गेले असते. :)

पण तुम्हा दोघांवरही माझा आक्षेप आहे. तर्कदुष्ट म्हणतात लोकांना फसवलं, पाणवठाताई म्हणतात लोकांना सांभाळलं. दोघांच्याही हिशेबात लोक भोळे. पुस्तकाच्या शेवटी उनामुनो स्वतः येऊन एक टीप देतो ती वाचा. तो म्हणतो, दोन मान्वेल आणि लाथारो या दोघांनी गावाला सगळं उघड सांगितलं असतं तरी गावाने ते मानलं नसतं. गावाने त्यांच्या बोलण्यावर नाही, कामावर विश्वास ठेवला असता. माझ्या आजीला हे पुस्तक वाचून दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, विश्वास नव्हता तर मग पहाटे उठून दुसऱ्याच्या दारात लाकडं कशाला फोडली?

आंखेलाही तेच म्हणते. ते दोघं, आपला विश्वास नाही असं मानत, पण खरं तर विश्वास ठेवूनच मेले, असं तिला वाटतं. मग लगेच विचारते, आणि मी? माझा आहे का?


पाणवठा (बुध., सकाळी ६:५०)

फ्रान्सूभाऊ, रात्रभर यावर विचार केला. बरोबर पकडलंत. मी गावाला प्रेक्षक केलं होतं.

एक जागा राहिली. ब्लासिल्यो हा गावचा वेडा मुलगा. गुड फ्रायडेला दोन मान्वेल 'माझ्या देवा, तू मला का टाकलंस' हे असं म्हणतात की चर्च थरारतं, आणि नंतर ब्लासिल्यो तेच वाक्य गल्लीबोळांतून ओरडत फिरतो. लोक हसतात, रडतात. गावातलं सर्वात मोठं गुपित रोज भर रस्त्यात ओरडलं जात होतं! शेवटी दोन मान्वेल चर्चमध्ये ब्लासिल्योचा हात हातात धरून मरतात, आणि पोरगंही त्याच क्षणी जातं.

हे अशा माणसाने लिहिलंय ज्याचा मुलगा, राइमुंदो, मेंदूच्या आजाराने लहानपणीच खुरटला आणि १९०२ला गेला. १८९७च्या एका रात्री मरणाच्या धास्तीने तो ढसाढसा रडत असताना बायको कोंचाने त्याला कवेत घेऊन 'माझ्या बाळा' म्हटलं. ती हाक तो आयुष्यभर विसरला नाही. १९३४ला कोंचाही गेली.


तर्कदुष्ट (बुध., सकाळी ९:०५)

फ्रान्सू यांच्या आजीचा प्रश्न चांगला आहे. संघटनेबद्दलचं माझं म्हणणं तसंच आहे. ढोलकं वाजवून भाकरी मिळत नाही.

एक कबूल करतो. बर्फाची जागा परत वाचली. तोच बर्फ डोंगरावर साठून पांढरी टोपी होतो आणि तळ्यात पडला की मरतो, याहून मोठं गूढ तू पाहिलंस का, असं दोन मान्वेल लाथारोला विचारतात. इथे भिंतींची गरज नाही.


बिल्बाओकर (बुध., दुपारी २:३०)

नोकरीमुळे सहा वर्षं बिल्बाओत आहे. उनामुनोचा जन्म इथल्या जुन्या भागातल्या रोंदा गल्लीतला. जवळच त्याच्या नावाचा चौक आहे, उंच खांबावर त्याचं नुसतं डोकं. खाली पोरं चेंडू खेळतात. फेब्रुवारी १८७४मध्ये कार्लिस्टांच्या (गादीच्या दुसऱ्या दावेदाराच्या बाजूच्या बंडखोरांच्या) वेढ्यात शेजारच्या घरावर बॉम्ब पडला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पहिली कादंबरी त्याच्यावरच उभी आहे. सालामांकातलं राहतं घर आता संग्रहालय आहे, आणि हो, कागदी पक्षी ठेवलेत तिथे.

पण मला तळ्याबद्दल सांगायचंय. ते खरं आहे. सामोरा प्रांतातलं सानाब्रिया, हिमनदीने कोरलेलं, पन्नासेक मीटर खोल. उनामुनो तिथे जून १९३०मध्ये गेला होता, हद्दपारीतून परतल्यावर चार महिन्यांत. बुडालेल्या गावाची कथाही तिथलीच: येशू भिकाऱ्याच्या वेषात आला, कोणी दारात उभं केलं नाही, म्हणून गाव बुडालं.

आणि मग ९ जानेवारी १९५९. मध्यरात्रीनंतर वरच्या बाजूचं वेगा दे तेरा धरण फुटलं. तळ्याकाठचं रिबादेलागो गाव पाण्याने ओढून तळ्यात नेलं. १४४ माणसं गेली, बहुतेकांची प्रेतंही मिळाली नाहीत, ती तळ्यातच राहिली. उनामुनो जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती. धरण नवीन होतं, बांधकाम निकृष्ट. नवं गाव जवळच वसवलं आणि त्याला नाव दिलं 'फ्रँकोचं रिबादेलागो'. आता ते बदललंय. मी गेलो होतो तेव्हा काठावर लोक पोहत होते, आईस्क्रीम खात होते. पुस्तक पिशवीत होतं, काढलं नाही.


मोगरा_एकटाकी (बुध., दुपारी ३:१०)

बापरे. 


नाठाळ_बैल (बुध., रात्री ८:४५)

शेंगदाणेही संपले. एक साधा प्रश्न, मी कुठून सुरुवात करू? तत्त्वज्ञान नको, आधीच सांगतो.


पाणवठा (बुध., रात्री ९:००)

'सान मान्वेल'. एका बैठकीत होतं. मग 'निएब्ला', मग 'आबेल सांचेथ'. 'शोकात्म जाणीव' वाटलं तर शेवटी. फ्लिचचं १९२१चं इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट आहे. मी परत काढलंय. या वेळी साठ पानं ओलांडली.


बिल्बाओकर (बुध., रात्री ११:५५)

बरं, २३ जूनला परत जाणार आहे सानाब्रियाला, सेंट जॉनची रात्र. घंटा ऐकू आल्या तर इथे कळवतो. कथेप्रमाणे पुण्यवंतांनाच ऐकू येतात, तेव्हा फार आशा ठेवू नका.


तर्कदुष्ट (गुरु., सकाळी ७:१५)

रेकॉर्ड करून आणा.